इनपुट गेलं कुठे?

घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘काल व्यवस्थित चालू होतं हो, आज आवाजच जात नाहीये.’ माइक तोच, वायर तीच, सॉफ्टवेअर तेच. ट्रॅकवरचं लाल बटण दाबलेलं आणि मीटर ढिम्म. पंचवीस-तीस वर्षांत या तक्रारीचे शब्द फारसे बदललेले नाहीत. बदलत गेली ती आवाज अडायची जागा. आधी तो कार्डात आणि जॅकमध्ये अडायचा, मग ड्रायव्हरमध्ये, मग उपकरणाच्या नावात आणि आता बऱ्याचदा परवानगीत.

नव्वदच्या दशकात मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून साउंड कार्ड आणायचं, कॅबिनेट उघडून ते बसवायचं आणि देवाचं नाव घेऊन मशीन चालू करायचं, असा प्रकार होता. १९९२ साली आलेलं ‘साउंड ब्लास्टर १६’ आणि त्याची स्वस्त भावंडं साधारणपणे आयआरक्यू ५, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधायची ५ नंबरची ओळ, मागत. नेटवर्क कार्डाने तोच नंबर धरलेला असला की दोघांचं जुंपायचं. उपद्रव खराच, पण प्रामाणिक. विंडोज ९५ आल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह तरी दिसायचं. कार्डाच्या मागचे जॅक मात्र एकसारखे काळे. माइकचा गुलाबी, लाइन-इनचा निळा आणि स्पीकरचा पोपटी हा रंगांचा संकेत ‘पीसी ९९’ या मानकाने रूढ केला. त्याआधी बॅटरी तोंडात धरून कार्डावरची बारीक अक्षरं वाचावी लागत.

त्या काळातली खरी गंमत विंडोजच्या मिक्सरमध्ये होती. खालच्या स्पीकरच्या चित्रावर डबल क्लिक केलं की सरकपट्ट्यांची रांग उघडायची आणि त्यात ‘मायक्रोफोन’ नावाची पट्टीही असायची. लोक ती वर सरकवत, म्यूटची खूण काढत, तरी रेकॉर्डिंग शून्य. कारण ती पट्टी माइक स्पीकरमधून ऐकण्यासाठी होती. रेकॉर्डिंगच्या पट्ट्या वेगळ्याच. ऑप्शन्समध्ये जाऊन, प्रॉपर्टीज उघडून ‘रेकॉर्डिंग’ निवडल्यावर त्या प्रकट होत. तिथेही सहसा एकाच पट्टीखाली टिचकी मारता यायची आणि ती आधीच सीडीखाली मारलेली असायची. इतकी महत्त्वाची गोष्ट इतकी खोल दडवण्यामागे काय विचार होता, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

१९९७ च्या सुमारास श्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने ‘आसिओ’ आणलं. विंडोजच्या नेहमीच्या वाटेने आवाज आत जाऊन बाहेर यायला इतका वेळ लागायचा की गाणाऱ्याला स्वतःचाच सूर मागून ऐकू यायचा. आसिओने मधले थांबे वगळून सॉफ्टवेअरला थेट कार्डाशी बोलू दिलं. त्याची किंमत अशी, की बरेचसे आसिओ ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रामच्या हाती लागतात. मागे दुसरं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर उघडं राहिलं असेल तर नव्याला इनपुट सापडत नाही. ज्यांच्याकडे खास कार्ड नव्हतं त्यांच्यासाठी ‘आसिओ४ऑल’ हा फुकट ड्रायव्हर आला. अनेकांनी पहिलं गाणं त्याच्याच जिवावर रेकॉर्ड केलं. त्याच्या पॅनेलमध्ये न सापडणाऱ्या उपकरणापुढे कधीकधी ‘बियाँड लॉजिक’ असा शेरा येतो. इतका मोकळेपणाने हात टेकणारा दुसरा प्रोग्राम माझ्या पाहण्यात नाही.

श्टाइनबर्गच्याच क्यूबेस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये पुढे एक नवा टप्पा मध्ये आला. ट्रॅक थेट माइकच्या भोकाला जोडायचा नाही. आधी इंटरफेसचं, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या डबीचं, भोक एका ‘इनपुट बस’ला जोडायचं आणि ट्रॅकने त्या बसकडून आवाज घ्यायचा. ही जोडणी दाखवणारी खिडकी एफ४ दाबल्यावर उघडते. पूर्वी तिचं नाव ‘व्हीएसटी कनेक्शन्स’ होतं, आता ‘ऑडिओ कनेक्शन्स’ आहे. ड्रायव्हर बदलला, इंटरफेस न लावताच प्रोजेक्ट उघडला किंवा दुसऱ्या स्टुडिओतली फाइल घरी आणली की त्या खिडकीत उपकरणाच्या जागी ‘नॉट कनेक्टेड’ दिसतं. ट्रॅकवर बसचं नाव तसंच झळकत असतं, म्हणून कोणालाच संशय येत नाही. लोक माइक बदलतात, वायर बदलतात, शेवटी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात. एफ४ दाबून यादीतून भोक पुन्हा निवडलं की काम संपतं. या व्यवस्थेला शिव्या घालणारे बरेच भेटतात. मला ती पटते. आठ-दहा माइकांच्या स्टुडिओत तबल्याचा माइक दुसऱ्या भोकात घातला, तर एकाच जागी बदल करून भागतं. दोन भोकांच्या डबीवर एकट्याने काम करणाऱ्याला मात्र ही नसती उठाठेव वाटणं साहजिक आहे.

मधली काही वर्षं फायरवायर या जोडणीची. तो काळ मी थोडक्यात उरकतो, कारण त्यातली निम्मी डोकेदुखी एकाच प्रश्नाची होती: लॅपटॉपमधली चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आहे की दुसऱ्या कोणाची? टेक्सासची असेल तर सहसा सगळं सुरळीत. नसेल तर इंटरफेस मधेच दिसायचा, मधेच नाहीसा व्हायचा.

मग सगळे यूएसबीकडे वळले आणि आवाज नावात अडायला लागला. हा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. एखाद्या यूएसबी उपकरणाने संगणकाला स्वतःचा सीरियल नंबर सांगितला नाही, तर विंडोज त्याला पोर्टवरून ओळखतं. डाव्या पोर्टातला इंटरफेस उजव्या पोर्टात घातला की विंडोजच्या लेखी तो नवा पाहुणा. मग ‘यूएसबी ऑडिओ कोडेक’ या नावाआधी २ चा आकडा आणि आडवी रेघ लागते. पोर्ट बदलत राहिलात तर ३, ४ असं चढत जातं. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या लक्षात जुनं, आकडा नसलेलं नाव असतं. ते त्या नावाला हाका मारत राहतं, कोणी ओ देत नाही, आणि मग ते गुपचूप लॅपटॉपच्या झाकणातला माइक घेतं किंवा काहीच घेत नाही. त्यातून विंडोजच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे एमएमईत, उपकरणाचं नाव ३१ अक्षरांवर कापलं जातं. लांबलचक नावाच्या इंटरफेसची दोन इनपुटं यादीत तंतोतंत सारखी दिसतात. २००० सालापासून फुकट मिळणाऱ्या ऑडॅसिटीत आणखी एक खोच आहे. उपकरणांची यादी तो प्रोग्राम उघडतानाच बनवतो. माइक नंतर लावला तर यादीत येत नाही. प्रोग्राम बंद करून उघडायचा किंवा पुढच्या आवृत्त्यांत आलेली ‘रीस्कॅन’ची आज्ञा वापरायची. कितीतरी जणांचे यूएसबी माइक बिघडलेले नसताना दुकानात परत गेले असतील. एक पोर्ट ठरवून त्यावर रंगीत टेप चिकटवणे, हा मी आजवर सुचवलेला सर्वांत स्वस्त इलाज.

२०१८ साल आलं आणि पुन्हा जागा बदलली. ॲपलने मोहावे या मॅकओएसच्या आवृत्तीत नियम आणला की कुठलाही प्रोग्राम विचारल्याशिवाय माइक ऐकणार नाही. त्याच वर्षी विंडोज १० मधली माइकच्या खासगीपणाची कळ नेहमीच्या डेस्कटॉप प्रोग्रामांनाही लागू झाली. हेतू रास्त, चोरून ऐकणाऱ्यांना चाप बसायलाच हवा होता. पण मॅकवर विचारणा एकदाच होते. घाईत ‘नाही’वर बोट पडलं की संपलं. इंटरफेस दिसतो, भोक निवडता येतं, रेकॉर्डिंग सुरू होतं, वेळेचे आकडे पुढे सरकतात आणि ट्रॅकवर सरळ रेघ उमटत जाते. चूक सांगणारा एक शब्दही पडद्यावर येत नाही. कळ सापडते ती सिस्टिम सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीच्या पानावर.

या सरळ रेघेमुळे मात्र एक चांगली परीक्षा हाती आली. गेन पूर्ण चढवा आणि मीटरकडे बघा. माइकची वायर तुटली असेल किंवा कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट चालू केले नसतील, तरी इंटरफेसच्या प्रीॲम्पची स्वतःची बारीक सरसर असतेच. मीटर तळाशी थोडा थरथरतो. आकडा उणे अनंतावर गोठलेला असेल, तर संगणक माइकपर्यंत पोचलेलाच नाही. मग वायरी उचकटू नका; परवानगी, ड्रायव्हर आणि बस तपासा. फोनवरून निदान करताना आता मी पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि बहुतेकांना तो विक्षिप्त वाटतो.

२०२० च्या टाळेबंदीत अशा फोनांचा पाऊस पडला. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आल्यापासून मराठी ऑडिओबुकांना मागणी वाढलीच होती. आता वाचणारे कपड्यांच्या कपाटात, गोधडीखाली बसून वाचू लागले. गाण्याचे गुरुजी झूमवर आले. तिथे एक अजब तक्रार सुरू झाली: गुरुजींचा आवाज येतो, तंबोरा येत नाही. झूमचं गोंगाट गाळणारं यंत्र न बदलता सलग वाजणाऱ्या आवाजाला पंखा समजून पुसून टाकतं, आणि तंबोऱ्याचं तर कामच सलग वाजण्याचं. हार्मोनियमचा लांबवलेला षड्जही हळूहळू विरायचा. ‘ओरिजिनल साउंड’ चालू केल्यावर षड्ज परत यायचा, सोबत खरा पंखाही. त्याच काळात ब्लूटूथ हेडफोन घराघरांत शिरले. ते जोडले की बऱ्याचदा संगणक त्यांनाच माइक मानतो, आणि त्यांचा माइक चालू झाला की सगळा आवाज जुन्या टेलिफोनच्या दर्जावर उतरतो. टेबलावर महागडा कंडेन्सर उभा, आणि रेकॉर्डिंग कानातल्या बोंडातून.

२०२५ मध्ये दोन दारं बंद झाली. ॲपलच्या टाहो आवृत्तीने फायरवायरचा आधार काढून घेतला, आणि १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. पंधरा-वीस वर्षं जुने आठ भोकांचे फायरवायर इंटरफेस आजही उत्तम वाजतात, त्यांचे प्रीॲम्प आजच्या स्वस्त डब्यांना लाजवतील असे आहेत. त्यांचे मालक त्यांच्यासाठी एक जुना संगणक राखून ठेवतात. त्याला इंटरनेट लावायचं नाही, अपडेट होऊ द्यायचा नाही, घरातल्या मुलांना हात लावू द्यायचा नाही आणि केबल कधीच काढायची नाही.