पायऱ्यांचा डोंगर, पायऱ्यांच्या छटा: ॲक्वाटिंटमध्ये बेसॉल्ट

सह्याद्रीची रांग समोरून पाहा: कडा, मग उतार, पुन्हा कडा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक साचले. थराचा घट्ट भाग कडा म्हणून टिकतो, वरचा सच्छिद्र भाग झिजून उतार होतो. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ‘ट्रॅप’ पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. असे दृश्य छापायला मला ॲक्वाटिंट सर्वांत योग्य वाटते, कारण तिच्या छटाही पायरीपायरीनेच गडद होतात.

वेरूळची लेणी याच खडकात आहेत. जेम्स वेल्सने तिथे काढलेल्या चित्रांवरून टॉमस डॅनियलने १८०३च्या सुमारास लंडनमध्ये २४ दृश्ये प्रसिद्ध केली, तीही ॲक्वाटिंटमध्ये.

आता कृती. तांब्याच्या स्वच्छ पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरा. ती पूर्ण खाली बसल्यावरच पत्रा तापवा. हवेत तरंगणारी राळ पेट घेते आणि फुप्फुसांनाही वाईट, म्हणून मास्क हवाच. कण चिकटले की पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवा. प्रयोगशाळेत पीसीबी केली असेल तर हे द्रावण तुमच्या ओळखीचे आहे. तिथे नको असलेले तांबे पूर्ण काढतो. इथे कणांमधल्या फटींत बारीक खळगे पाडतो. शाई त्यांत राहते.

आकाश कोरे हवे, तर तिथे आधीच वॉर्निश लावा. १ मिनिटाने पत्रा काढा, धुवा, वाळवा, दूरच्या रांगा वॉर्निशने झाका, पुन्हा बुडवा. एकूण वेळ १, २, ४, ८ मिनिटे अशी दुप्पट करत गेलात, तर पायऱ्या डोळ्याला स्पष्ट दिसतात. सर्वांत जवळचा कडा शेवटपर्यंत उघडा राहतो.

हे आकडे मात्र पाठ करू नका. इथे नेहरू नगरात हिवाळ्यात काढलेल्या वेळा मी मे महिन्यातल्या दुपारी वापरल्या. गरम द्रावणाने तांबे भराभर खाल्ले आणि माझे तीन थर एकच काळा डाग झाले. जास्त खाल्लेला भाग घोटून थोडा उजळतो, पण दाणा जातो. म्हणून दर वेळी आधी तुकड्यावर चाचणी घ्या.

शेवटी वॉर्निश व राळ काढा, शाई भरा, वरची पुसा आणि ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढा. चित्र आरशासारखे उलटे उमटते, तेव्हा ओळखीचा कडा पत्र्यावर उलटा काढा. उरलेले द्रावण मोरीत ओतू नका, त्यात तांबे आहे. ते प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्या.