मामांची जिप्सी आणि शॉकमधल्या चकत्या

जिप्सीच्या मागच्या बाकावर बसून टाळके छताच्या पाइपला आपटले नाही, असा कॅडेट आपल्या शाळेत शोधून सापडणार नाही. १९८५ साली बाजारात आलेली ही गाडी सैन्यामुळे आपल्याला घरच्यासारखी झाली. माझ्या मामांकडे अशीच एक जुनी जिप्सी आहे आणि तिच्यावर ते बेंगळुरूच्या आसपास हौशी ऑटोक्रॉस खेळतात. गेल्या वर्षी त्यांनी तिला नवे, महागडे शॉक ॲब्सॉर्बर बसवले. किंमत ऐकून मामी आठवडाभर बोलल्या नाहीत. आणि गाडी आधीपेक्षा हळू धावू लागली! असे का झाले, हे दोन-तीन रविवार त्यांच्याबरोबर घालवून मला जेवढे उमगले, तेवढे इथे सांगतो.

ऑटोक्रॉस म्हणजे समोरासमोरची शर्यत नव्हे. अमेरिकेत ती डांबरी मैदानावर शंकू मांडून खेळतात. आपल्याकडे बहुधा मोकळ्या मातीच्या मैदानावर वळणावळणाचा मार्ग आखतात, गाड्या आळीपाळीने सोडतात आणि घड्याळ लावतात. फेरी काही मिनिटांतच संपते आणि निकाल सेकंदाच्या दशांशावर लागतो. के-१००० रॅली भरवणाऱ्या कर्नाटक मोटर स्पोर्ट्स क्लबमुळे या शहरात मातीवर गाडी पळवण्याची हौस जुनी आहे. मातीची गंमत अशी, की सकाळी गुळगुळीत असलेला मार्ग दुपारपर्यंत चाकांनी उकरला जातो. वळणांत खोल चाकोऱ्या पडतात. शॉकची खरी परीक्षा तिथे होते.

पुष्कळांना वाटते, गाडीचे वजन शॉकवर असते. तसे नाही. वजन स्प्रिंगवर असते. जिप्सीला तर चारही चाकांना ट्रकसारखे पाटे आहेत. खड्ड्यात दबलेला पाटा उसळतो, पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. ही उसळी आवरायचे काम शॉकचे. त्याच्या नळीत तेल असते. दांडीला लावलेला दट्ट्या त्या तेलातून वरखाली होतो, तेल बारीक वाटांमधून पिळले जाते आणि हालचालीची शक्ती उष्णतेत जाते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अर्धवट बोट ठेवून दांडी दाबून पाहा. हळू दाबली तर सहज जाते, जोरात दाबली तर अडते. शॉकचा विरोध असाच वेगावर ठरतो, वजनावर नाही.

मग विरोध किती हवा? भौतिकशास्त्रातले अवमंदन इथे कामाला येते. समजा एका चाकावर २२५ किलो भार आहे आणि स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला २५ न्यूटन बल लागते. स्प्रिंगची उसळी एकदाही पलीकडे न जाता थांबावी यासाठी लागणारे अवमंदन वस्तुमान व ताठरपणा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या दुप्पट असते. हिशेब केला तर दर सेकंदाला एक मीटर वेगासाठी सुमारे ४७४० न्यूटन येतात. हे झाले शंभर टक्के. रस्त्यावरच्या गाडीला साधारण २० ते ४० टक्के ठेवतात, शर्यतीच्या गाडीला ६०-७० टक्क्यांपर्यंत नेतात. आता स्प्रिंग २५ ऐवजी ४० न्यूटनची घातली, तर आकडा ६००० होतो. स्प्रिंग ६० टक्क्यांनी कडक झाली, पण शॉक साधारण २७ टक्क्यांनीच वाढवायचा. शॉक तिरका बसवलेला असेल तर त्याचे कामही घटते. ३० अंश कलला की पाऊण परिणाम उरतो. शिवाय पाट्यांची पाती एकमेकांवर घासतात, तेही थोडे अवमंदनच.

मामांनी यातले काही केले नव्हते. पाटे मूळचेच ठेवले आणि दुकानातला सर्वांत कडक शॉक आणला. ‘रेसिंगला कडकच लागतो’ हा समज. मला वाटते, आपल्या देशातल्या निम्म्या हौशी गाड्या या एका वाक्याने बिघडल्या असतील.

दोष सापडला तो चार आण्याच्या वस्तूने. ज्या मिस्त्रींकडे मामा गाडी नेतात, त्यांनी शॉकच्या दांडीला प्लास्टिकची केबल टाय घट्ट बांधली. शॉक दबला की नळी टायला वर ढकलते आणि टाय तिथेच राहते, म्हणजे फेरीत शॉक जास्तीत जास्त किती दबला ते कळते. फेरीनंतर पाहतो तर टाय थेट वरच्या रबरी ठोकळ्यापर्यंत गेलेली! एवढा कडक शॉक, तरी पूर्ण दबला कसा? मिस्त्री हसून म्हणाले, ‘‘साहेब, गाडी दबत नाही, ती वर येत नाही.’’

शॉकचा विरोध दोन दिशांना वेगवेगळा असतो, दबताना आणि उघडताना. मामांच्या शॉकमध्ये उघडतानाचा विरोध फार होता. पहिल्या चाकोरीत पाटा दबला. तो पुरता सुटायच्या आत दुसरी चाकोरी आली, मग तिसरी. गाडी पायरी पायरीने खाली बसत ठोकळ्यावर टेकली आणि चाक मातीवर दाबून धरायला पाट्याला वावच उरला नाही. म्हणून ती वळणात बाहेर सरकत होती.

उपाय नवा शॉक नव्हता. आहे त्याचे व्हॉल्व्ह बदलणे होता. सुदैवाने तो उघडता येणारा होता. कंपनीतून गाडीबरोबर येणाऱ्या शॉकचे तोंड बहुतेक वेळा कायमचे मुडपलेले असते, ते खोलता येत नाही. म्हणून शॉक निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारीन, की हा उघडतो का आणि याचे सील, चकत्या मिळतात का? दुसरा, दांडीचा प्रवास गाडीच्या पाट्याला पुरतो का? बाहेरच्या फिरवायच्या बटणाचा प्रश्न त्यानंतर. नेदरलँड्सच्या कोनी कंपनीच्या पिवळ्या शॉकमध्येही बटण फक्त उघडतानाचा विरोध बदलते, दबतानाचा नाही.

दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना वायसरसारख्या पातळ पोलादी चकत्यांची चळत असते. तेलाचा दाब वाढला की त्या वाकतात आणि वाट देतात. चकतीचा ताठरपणा जाडीच्या घनाने बदलतो. ०.२० मिमीची एक चकती ०.१० मिमीच्या आठ चकत्यांइतकी ताठ असते. मिस्त्रींनी उघडतानाच्या बाजूच्या ०.२० मिमीच्या चार चकत्यांपैकी दोन काढून ०.१५ च्या घातल्या. करून बघा हिशेब: चळतीचा ताठरपणा चारवरून २.८४ वर येतो, जवळजवळ तीस टक्के कमी. दबतानाच्या बाजूला हात लावला नाही. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही. दट्ट्यातले एक कायम उघडे बारीक छिद्रही तसेच ठेवले. हळू हालचालीत, म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी कलते तेव्हा, तेल मुख्यतः त्यातून जाते. चकत्यांची पाळी मोठ्या धक्क्याला येते.

नंतर शॉक डायनोवर चढवून निरनिराळ्या वेगांना किती बल लागते त्याचा आलेख काढला. जुना आणि नवा आलेख एकावर एक ठेवले तेव्हा मला चकत्यांचे गणित डोळ्यांनी दिसले. एक इशारा मात्र द्यायलाच हवा. एका नळीच्या शॉकमध्ये तेलात फेस होऊ नये म्हणून नायट्रोजन भरलेला असतो, तोही वातावरणाच्या वीस-पंचवीस पट दाबाने. घरी पाना घेऊन असला शॉक खोलू नका. दांडी किंवा झाकण सुटून आले तर डोळा जाईल.

पुढच्या खेपेला टाय ठोकळ्याच्या दोन बोटे खाली थांबली. मामा त्यांच्या गटात पहिले आले नाहीत, पण दुपारची त्यांची फेरी सकाळच्या फेरीपेक्षा फार मागे पडली नाही. पूर्वी ती दीड-दोन सेकंदांनी मागे पडायची. मागचे शॉक अजून जुन्याच चकत्यांवर आहेत. काढलेल्या ०.२० च्या चकत्या मामांनी काडेपेटीत घालून डॅशबोर्डवर ठेवल्या आहेत, आणि मामींनी ती काडेपेटी एकदा गॅस पेटवायला नेली होती.