केसरी कोणाला म्हणावे?

चैत्र लागला की महाराष्ट्रात दोन प्रकारचे आखाडे सुरू होतात. शहरांतून व्याख्यानमाला भरतात आणि गावोगावच्या यात्रांतून कुस्तीची मैदाने. आपण नवी मुंबईकर पहिल्या आखाड्यात येऊन बसलो असलो, तरी आपल्यापैकी पुष्कळांचे मन दुसऱ्यात गुंतलेले असते. वाशीच्या घाऊक बाजारात पोती वाहणाऱ्या माथाडी बांधवांत सातारा-सांगलीकडची मंडळी पुष्कळ आहेत. कुस्ती म्हणजे काय, हे त्यांना निराळे सांगावे लागत नाही. तेव्हा आजचा विषय तसा घरचाच. मात्र त्यात एक प्रश्न दडलेला आहे. सर्वांत बलवान मल्ल कोण, हे ठरवायचे कसे?

जुन्या काळी याचे उत्तर मैदानच देत असे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले, ते 1912 साली खुले झाले. तेथे व अन्यत्र होणाऱ्या कुस्तीला घड्याळ नव्हते. पाठ मातीला लागली की निकाल. न लागली तर बरोबरी. डोळ्यांना पटणारा असा हा न्याय होता. परंतु त्यात एक उणीव होती. जोडी लावणारा मैदानाचा चालक असे. कोणी कोणाशी लढावे, इनाम किती ठेवावे, हे आधी ठरे. साहजिकच ज्याला ज्याची धास्ती, त्याने त्याला टाळणेही शक्य होते. अशा पद्धतीत मोठे मल्ल निर्माण झाले, पण सर्वांत मोठा कोण, हा वाद पारावरच राहिला.

हा वाद मिटवायचा तर स्पर्धा हवी. म्हणजे दार सर्वांना उघडे, जोड्या चिठ्ठीने, आणि हरलेला बाहेर. देशपातळीवर हे काम 'हिंदकेसरी' या किताबाने केले. 1959 साली दिल्लीत श्रीपती खंचनाळे यांनी पंजाबच्या बंतासिंगावर मात केली आणि ते महाराष्ट्राचे पहिले हिंदकेसरी झाले. पुढच्याच वर्षी तो मान गणपतराव आंदळकरांना मिळाला, आणि 1964 साली मारुती माने यांना. हे किताब पोकळ नव्हते. 1962 साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत आंदळकर व माने या दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्ण व एक रौप्यपदक मिळवले.

राज्यात हेच कार्य मामासाहेब मोहोळ यांनी 1953 साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने हाती घेतले. 1961 साली औरंगाबाद येथे (आजचे छत्रपती संभाजीनगर) दिनकर दह्यारी 'महाराष्ट्र केसरी' झाले. मामासाहेबांच्या नावाने दिली जाणारी चांदीची गदा आज प्रत्येक तालमीतल्या पोराच्या स्वप्नात येते. नरसिंग यादव यांनी 2011 ते 2013 आणि विजय चौधरी यांनी 2014 ते 2016 अशी ती सलग तीन-तीन वेळा जिंकली.

आता या स्पर्धेची रचना पाहू. आधी जिल्ह्याजिल्ह्यांत निवड चाचणी होते. राज्यस्पर्धेत वजनगट असतात. किताबाची लढत 86 ते 125 किलोंच्या गटातली. या गटाचे दोन विभाग, एक माती आणि दुसरा गादी. मातीतला विजेता आणि गादीवरचा विजेता अखेरीस समोरासमोर येतात, आणि ही अखेरची लढत गादीवर होते. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. प्रतिस्पर्ध्याला रेषेबाहेर ढकलल्यास 1 गुण, खाली घेऊन ताबा मिळवल्यास 2, मोठी फेक केल्यास 4. दहा गुणांची आघाडी मिळाली किंवा पाठ टेकली, तर कुस्ती तिथेच संपते.

मातीवर प्रेम करणारे विचारतात, 'मग ही गादी कशाला?' याचे उत्तर खाशाबा जाधव यांच्या चरित्रात आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत वाढलेला. 1948 साली लंडनला त्यांना गादीचा सराव नव्हता. तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी, तयारी करून, हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्यानंतर भारताला कुस्तीचे ऑलिंपिक पदक मिळण्यास 2008 साल उजाडावे लागले. तेव्हा माती हे आपले माहेर असले, तरी जगाच्या घरी नांदायचे तर गादी शिकलीच पाहिजे.

परंतु गुणांची कुस्ती आली की पंच आला, आणि पंच आला की वादही आला. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या स्पर्धेत मातीतल्या एका लढतीत एका डावाला दिलेल्या 4 गुणांवरून महाराष्ट्रभर चर्चा झाली. पाठ लागलेली सर्वांना दिसते. 2 गुण की 4, हे पंचालाच ठरवावे लागते. म्हणून पंचाची निःपक्षता आणि त्याच्यावरचा विश्वास हेच आता या खेळाचे मैदान आहे.

याहून मोठी अडचण मात्र संघटनेची आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये 'महाराष्ट्र केसरी'च्या दोन स्पर्धा झाल्या. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख विजयी झाले, आणि धाराशिवला शिवराज राक्षे. दोघेही कसलेले मल्ल. दोघांनीही घाम गाळूनच गदा मिळवली. दोष त्यांचा नव्हे. पण ज्या प्रश्नाचे एकच उत्तर मिळावे म्हणून 1961 साली हा खटाटोप झाला, त्याला पुन्हा दोन उत्तरे मिळाली. म्हणजे आपण फिरून पारावरच्या वादापाशी आलो!

त्याच 2023 सालच्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. एवढ्या वर्षांनी उघडलेल्या या दारातून येणाऱ्या मुलींना तरी आपण एकच गदा द्यावी.

केसरी म्हणजे सिंह. रानात त्याला कोणी अभिषेक करीत नाही, असे सुभाषितकार सांगतात. मल्लाचे तसे नाही. त्याचे बळ त्याचे स्वतःचे असते, पण त्याचा किताब हा सर्वांनी मिळून मान्य केलेल्या नियमांचा असतो. ती मान्यता राखणे हे मल्लाचे काम नव्हे. ते चालकांचे, पंचांचे आणि मैदानाच्या कडेला बसून टाळ्या देणाऱ्या आपणा सर्वांचे काम आहे.