मुळांचा छुपा शत्रू

सिल्लोडच्या काळ्या जमिनीतले मक्याचे रोप उपटून पाहा. मुळे कशी लांब व तंतुमय दिसतात! या जमिनीत ॲल्युमिनियम नाही म्हणून का? छे! भूकवचाचा सुमारे ८ टक्के भाग ॲल्युमिनियमचा आहे. पण काळी माती अल्कधर्मी असल्याने तो धातू मातीच्या कणांतच अडकून राहतो.

कोकणातील जांभी माती मात्र आम्लधर्मी. मातीचा सामू ५ च्या खाली गेला, की ॲल्युमिनियमचे आयन पाण्यात उतरतात आणि पहिला घाव मुळाच्या टोकावर बसतो. पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी घातक द्रव्ये साचू लागतात. मग दोन विकरांची धावपळ वाढते. कॅटलेज हे विकर पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन करून टाकते. पेरॉक्सिडेज त्याच पेरॉक्साइडचा वापर करून पेशीभित्तिका टणक करते. टणक झालेली पेशी लांबणार कशी? मूळ आखूड व जाड राहते. पावसाने ओढ दिली, की खोलवरचे पाणी त्याला मिळत नाही.

काही वाण मात्र याला पुरून उरतात. गव्हाचे मूळ मॅलिक आम्ल सोडते, तर मक्याचे मूळ लिंबातले सायट्रिक आम्ल. ही आम्ले धातूला जखडून ठेवतात. गव्हातील यासाठीचे जनुक जपानी संशोधकांनी २००४ साली ओळखले.

आम्ल जमिनीवर चुना हा उपाय आहे. सिल्लोडच्या काळ्या जमिनीत तोच चुना वाया जाईल. तेव्हा आधी माती तपासा, मग औषध द्या!