बावीसची रायफल आणि नागभीडचं रान

धान पोटरीत आलं की चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडच्या बांध्यांवर मचाणं उभी राहतात. घोडाझरीच्या जंगलातून रानडुकरांचा कळप उतरला, तर तो खातो थोडं आणि तुडवतो फार. रात्रभर डबे वाजवून जागलेला शेतकरी मग विचारतोच, एखादी छोटी रायफल घ्यावी का आणि घ्यावी तर कोणती? त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे.

छोट्या शिकारीची म्हणून जगभर ओळखली जाते ती पॉइंट टू टू किंवा बावीसची, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाच्या गोळीची रायफल. तिचं काडतूस ‘रिमफायर’ असतं. पेटणारं रसायन पितळी नळकांड्याच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि घोड्याची टोच त्या कडेवरच बसते. कड चेपली जावी म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो. पातळ पत्रा जास्त दाब सोसत नाही, त्यामुळे या काडतुसांची ताकद मुळातच मर्यादित राहते. १८८७ साली आलेल्या ‘लाँग रायफल’ काडतुसाची गोळी साधारण अडीच ग्रॅमची असते. अमेरिकेत सशा-खारींसाठी पन्नास-साठ मीटरपर्यंत ते पुरेसं मानतात. १९५९ ची ‘मॅग्नम’ त्याहून जोरकस. २००२ च्या ‘सेव्हन्टीन एचएमआर’ची गोळी जेमतेम एक ग्रॅमची, पण ध्वनीच्या दुपटीहून वेगवान. शंभर मीटरपलीकडेही सरळ जाते, मात्र वाऱ्याने चटकन ढळते आणि लहान जनावराचं मांस नासवते.

आता नागभीडचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही शिकारीच्या परवान्याची थोडी वाट उरली होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. ससा असो की तितर, मारणं गुन्हाच आहे. पीक नासवणाऱ्या डुकरासाठी कलम ११ खाली वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. पण तिथेही बावीसची गोळी चुकीचीच. जाड कातडं आणि चरबी यांतून ती आतपर्यंत पोहोचत नाही. जखमी डुक्कर झुडपात शिरतं, दिवसेंदिवस तडफडतं, नाहीतर सकाळी सरपणाला गेलेल्या बाईवर उलटतं. शिवाय चुकलेली गोळी किलोमीटरभर सहज जाते आणि पुढच्या बांधीवर दुसरं मचाण असतं.

बंदूक नाही म्हणून कुंपणात वीज सोडणं तर त्याहून भयंकर. एप्रिल २०१७ मध्ये ‘जय’ वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ याच नागभीड वनपरिक्षेत्रात शेताच्या तारेला चिकटून मेला. अशा तारा माणसांचेही जीव घेतात.

बावीसच्या रायफलीचं खरं मोठेपण मात्र महाराष्ट्राने मैदानावर दाखवलं आहे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदकाचा मानकरी ठरला. दोघांच्याही हातात पॉइंट टू टूच होती. पन्नास मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं. म्हणून हे नेमबाज मुद्दाम ध्वनीपेक्षा कमी वेगाची काडतुसं निवडतात, म्हणजे वाटेत ध्वनीच्या वेगाखाली उतरताना गोळी डळमळण्याचा प्रश्नच येत नाही. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या खेपाही ते आपल्या नळीतून तपासून घेतात. काडतूस निवडण्याची ही खरी विद्या.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांची नजर रानात घडलेली आहे. त्यांच्यासाठी इथे एखादी साधी नेमबाजी रेंज उभी राहायला हवी. आणि डुकरांनी धान तुडवलं, तर कुंपणाच्या तारेत वीज सोडू नका. त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज टाका.