ग्रहणाने ओठ फाटत नाही

फाटलेल्या ओठाचे मूल जन्माला आले की पहिला प्रश्न असायला हवा तो त्याला दूध कसे पाजायचे याचा. पण वस्तीत बाळंतिणीला विचारतात ते दुसरेच. ‘‘ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का ग?’’ आमच्या शेजारच्या एका बाईने हा प्रश्न आधी सासूकडून, मग नणंदेकडून आणि शेवटी नवऱ्याकडूनही ऐकला. त्या दिवशी आपण भाजीदेखील चिरली नव्हती, हे ती रडून सांगत राहिली. तरी दोष तिचाच! भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि मनात ग्रहणाचे भय, अशी घरे आपल्यात अजून पुष्कळ आहेत. हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो, पण लपवून तरी काय उपयोग?

वस्तुस्थिती साधी आहे. दिवस गेल्यानंतरच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत गर्भाचा चेहरा दोन्ही बाजूंनी येऊन मधे जुळतो. ही जुळणी अपुरी राहिली की ओठ किंवा टाळू किंवा दोन्ही दुभंगलेले राहतात. काही घरांत ते रक्तातून येते. गर्भारपणातली तंबाखू-दारू, काही औषधे, फॉलिक ऍसिडची कमतरता यांनीही धोका वाढतो. पुष्कळ वेळा नेमके कारण सापडतच नाही. जगात साधारण ७०० जन्मांमागे असे १ मूल असते. ज्या देशांत गर्भार बायका काळी काच डोळ्यांना लावून मैदानात ग्रहण बघायला उभ्या राहतात, तिथेही ती जन्मतात आणि जिथे त्या अंधाऱ्या खोलीत कोंडून घेतात, तिथेही जन्मतात.

अशा मुलांसाठी परदेशांतून डॉक्टरांची पथके गरीब मुलखांत जाऊन फुकट शस्त्रक्रिया करतात. अमेरिकेत १९६९ साली ‘इंटरप्लास्ट’ आणि १९८२ साली ‘ऑपरेशन स्माइल’ ही संस्था निघाली. पण आपल्याकडे हे काम घेऊन आलेला माणूस गोरा नव्हता, पंढरपूरचा होता. डॉ. शरदकुमार दीक्षित हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहणारे प्लास्टिक सर्जन. १९६८ पासून ते भारतात येऊन शिबिरे घेऊ लागले. १९७८ साली मोटार अपघातात त्यांच्या शरीराची एक बाजू अधू झाली. पुढे घशाचा कर्करोग झाला, स्वरयंत्र गेले, हृदयविकाराचे झटके आले. तरी चाकांच्या खुर्चीत बसून, बोलण्याचे यंत्र गळ्याला लावून ते वर्षातले कित्येक महिने गावोगाव शस्त्रक्रिया करीत राहिले. पुण्यात भारतीय जैन संघटनेने त्यांची शिबिरे भरवली. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ साली ते वारले. त्यांच्या हातून बऱ्या झालेल्यांचा आकडा हजारोंत जातो.

आमच्या शेजारणीची मुलगी अशाच एका शिबिरात नेली होती. टाक्यांचा ओठ घेऊन ती परत आली तेव्हा तिच्या आईने वस्तीभर पेढे वाटले, ग्रहणवाल्या नणंदेलाही दिले.

इथे पुण्याची एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून आम्हाला राहवत नाही. कावसजी नावाचा एक गाडीवान १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा साचा घेतला, तो कपाळावर पसरून आखणी केली, तेवढी कातडी कापून भुवयांच्या मधोमध देठासारखी जोडलेली ठेवली आणि वळवून नाकाच्या जागी बसवली. वर काताचे पाणी लावलेल्या चिंध्या. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिले आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती हकीकत छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली. युरोपातल्या प्लास्टिक सर्जरीचा नवा जन्म तिथून धरतात.

तो पुण्याचा कारागीर कोण? छापील हकीकतीत फक्त जात आहे : विटा पाडणारा, म्हणजे आपला कुंभार. कावसजीचे नाव टिकले, कार्प्यूचे टिकले. ज्याच्या हातात विद्या होती त्याचे नाव विचारून लिहून घ्यावे, असे कुणाला वाटले नाही! असे का झाले ते आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

शिबिरांविषयी आमची एक तक्रारही आहे, आणि ती डॉक्टरांविरुद्ध नाही. ओठ एका दिवसात शिवला जातो, पण टाळू दुभंगलेली असेल तर पुढे दातांचे, कानांचे आणि बोलण्याचे उपचार वर्षानुवर्षे लागतात. पाहुणा डॉक्टर तोवर विमानात बसलेला असतो. शेजारणीची मुलगी आज संसाराला लागली आहे, दिसायला देखणी आहे, पण बोलते नाकातून. वाचोपचार म्हणून काही असते हे तिच्या आईला कुणी सांगितलेच नाही. आम्हालाही तेव्हा ठाऊक नव्हते. १९९९ साली निघालेल्या ‘स्माइल ट्रेन’ने म्हणूनच वेगळी वाट धरली. बाहेरचे पथक पाठवण्याऐवजी जागच्या डॉक्टरांना शिकवायचे आणि खर्च उचलायचा. हे आम्हाला जास्त पटते.

आता माता-भगिनींसाठी कामाचे. असे मूल अंगावर नीट ओढू शकत नाही, दूध नाकातून येते. त्याला आडवे न पाजता उभे धरून, आईचेच दूध काढून वाटी-चमच्याने थोडे थोडे द्या आणि मधून मधून ढेकर काढा. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या महिन्यानंतर, वजन आणि रक्त पुरेसे असेल तर होते. टाळूची मूल बोलू लागण्याच्या सुमारास, म्हणजे नवव्या ते अठराव्या महिन्यात. मोठेपणीही ओठ शिवता येतो, पण बोलण्याची सवय एकदा बिघडली की सुधारणे फार कठीण. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ आणि टाळू यांचा समावेश आहे. तपासणीचे पथक अंगणवाडीत येते, तेव्हा ताईंकडे नाव द्या. पथकाची वाट पाहावी लागत असेल तर मूल घेऊन सरळ सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात जा, आणि शस्त्रक्रियेची तारीख घेताना वाचोपचाराचेही त्याच खिडकीवर विचारा.