औषध एक, नावं अनेक

पिंपरीत औषधांच्या नावांवर बोलायचं तर सुरुवात आपल्या एचए कंपनीपासूनच करावी लागेल. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही देशातली पहिली सरकारी औषध कंपनी. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने ती इथे उभी राहिली आणि पेनिसिलिन बनवू लागली. आज त्याच कुळातली औषधं आपण घेतो, पण ती वेगळ्या नावांनी येतात, म्हणून ओळखू येत नाहीत.

दोन नावांतला फरक आधी समजून घेऊ. औषधात जे द्रव्य काम करतं, त्याचं नाव म्हणजे जेनेरिक नाव. ते कुणा एका कंपनीच्या मालकीचं नसतं. कंपनी आपल्या मालाला देते ते ब्रँडनाव. 'जेनेरिक म्हणजे स्वस्त, हलकं औषध' असा आपला समज असतो. पण महागातल्या महाग गोळीलाही जेनेरिक नाव असतंच.

आता चाकणच्या एमआयडीसीतला एखादा कामगार घ्या. ताप आहे, पण सुट्टी घेतली तर पगार कापला जाणार. सकाळी तो डोलो ६५० घेतो. खोलीवरचा मित्र कालपोल ५०० देतो. मेडिकलवाला सर्दीची गोळी देतो. तिन्ही गोळ्या दिवसातून तीनदा घेतल्या, तर त्याच्या हिशेबी ती तीन वेगळी औषधं झाली. पण तिन्हींत पॅरासिटामॉलच आहे! सर्दीच्या गोळीत ते ५०० मिलिग्रॅम धरलं, तर बेरीज होते ४,९५० मिलिग्रॅम. धडधाकट माणसालाही २४ तासांत ४,००० च्या वर जायचं नसतं. त्यापुढे यकृताला धोका असतो, आणि रोज दारू घेणाऱ्याला तो याहून कमी मात्रेतही असतो.

उलटा प्रकारही होतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याने अमॉक्सिसिलिन हे नाव वाचलं, तर शेवटच्या 'सिलिन'वरून तो सावध होईल. पण ऑगमेंटिन या नावात तसं काहीच दिसत नाही. आत मात्र अमॉक्सिसिलिनच असतं.

जेनेरिक नाव ब्रँडनावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावं, असा नियम २०१८ पासून आहे. पण तीन किंवा जास्त द्रव्यांच्या मिश्रणाला त्यातून सूट आहे, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्या नेमक्या तशाच असतात. शिवाय आपण चारच गोळ्या मागतो, दुकानदार पट्टी कापून देतो, आणि नाव दुकानातच राहतं.

म्हणून तीन गोष्टी करू. पट्टी कापण्याआधी मोबाईलवर तिच्या मागच्या बाजूचा फोटो काढू. दुसरी गोळी घेण्याआधी 'यात पॅरासिटामॉल आहे का?' असं स्पष्ट विचारू. आणि ॲलर्जी असेल तर त्या द्रव्याचं नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवू. गाव बदललं, कंपनी बदलली, दुकान बदललं, तरी ते नाव बदलत नाही.